जावयाचा कोट

“याला नवरा म्हणायचं की काजवा?” काळ्या कोटावर तिसरी चमकती पट्टी शिवत ती पुटपुटली.

रस्तेकामगारांची जाकिटं शिवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. गाडीचा उजेड पडला की लखलखणाऱ्या पट्टीचे उरलेसुरले तुकडे तिनं मागून आणले होते. घरामागच्या वळणावर दिवे नव्हते. गेल्या महिन्यात तिथंच एक प्लंबर बारमधून झुलत निघाला आणि ट्रकखाली गेला. “दिसलाच नाही हो,” एवढंच ड्रायव्हर म्हणत राहिला. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. नवरा रोज त्याच वाटेनं यायचा.

त्याच्या कोटाला दारूचा वास यायचा. तोंडाला नाही यायचा. म्हणजे लबाड वेलदोडे चघळतो, हे तिनं ताडलं होतं.

तिचे वडील वरच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त हेडमास्तर. दारूच्या दुष्परिणामांवर बोलायला लागले की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

“रोज मीच ओढून आणतो जावईबापूंना,” ते सांगायचे. “एकटं सोडलं तर संपलंच.”

नवरा खाली मान घालून जेवत राहायचा. बाबा आहेत म्हणून आपलं कुंकू शाबूत आहे, असं तिला वाटायचं.

कोट तयार झाला. नवऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, “आणखी एक शिवशील?”

“एक पुरत नाही? आता कोट बदलून बदलून प्यायचंय का राजेसाहेबांना?”

त्यानं कोट खांद्यावर टाकला आणि तो बाहेर पडला.

त्याच रात्री वळणावर ब्रेक करकचून वाजले. ती अनवाणीच धावत सुटली.

ट्रक आडवा उभा होता. दिव्यांच्या झोतात लखलखता कोट पाठमोरा डुलत होता. जिवंत आहे! तिला रडूच फुटलं.

“पट्ट्या दिसल्या म्हणून ब्रेक मारला,” ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. “यांना ओढायला दुसरा मध्ये आला, तो दिसलाच नाही! गटारात उडी मारली त्यानं.”

“बाबा!” तिनं हंबरडा फोडला आणि कोटाच्या पाठीत सणसणीत रट्टा हाणला. “तुमच्यापायी माझा बाप गेला असता!”

“मी बरा आहे गं,” गटारातून नवऱ्याचा आवाज आला.

कोट गर्रकन वळला. तोल सावरत त्यानं बोट उगारलं.

“बघितलंस पोरी?” मास्तर जड जिभेनं म्हणाले. “मी बरोबर नसतो तर जावईबापूंचं काय झालं असतं!”