गुळाचा खडा

डेंग्यूनं ॲडमिट झालेल्या बन्सीच्या लिव्हरला सूज आली होती. "लिव्हरला सोसत नाहीत म्हणून तापाच्या गोळ्या परवाच बंद केल्या," डॉक्टर म्हणाले, "मग सूज वाढतेय कशानं?"

बायकोनं, भागिरथीनं, पदराची गाठ सोडली. आतून गोळ्यांची पट्टी निघाली.

"ताप उतरंना, म्हून गुळात घालून देत हुते. ह्यांना ठावं न्हाई."

डॉक्टर रागावले. पण वेळेत कळलं, आता उतरेल सूज, असं सांगून गेले.

बन्सी हसला. "घोडेगावच्या बैलबाजारात जन्म गेला माझा. बैलांना गुळातनं औषध मीच चारतो. मला कळंना व्हय?"

"मंग तोंड कशाला उघडलं?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तू हातानं भरवत हुतीस. तोंड फिरवू कसं?"