आलोच

स्टेशन बांधलं तेव्हा भोवती नुसतं माळरान होतं. गाडी थांबायला लागली तसा आधी एक शिंपी आला, मग डॉक्टर, मग कापडगिरणी, नाटकगृह. बघता बघता शहर उभं राहिलं. स्टेशनमास्तर मिशीला पीळ देत सांगायचे, "हे शहर माझ्या झेंड्यावर वसलंय!"

स्टेशनच्याच माडीवर राहणाऱ्या त्यांच्या बायकोला त्या शहराची फक्त छपरं माहीत होती. जिना उतरला की फलाट, फलाटापुढे कुंपण. एवढंच तिचं जग. "एकदा गाव बघून येऊ या की," ती म्हणायची. "आलोच," म्हणून ते खाली पळायचे. त्यांनी झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही ना! 'तू जाऊन ये' असं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

निवृत्तीच्या दिवशी दोघं कायमची मुलाकडे जायला गाडीत बसली. गाडी काही सुटेना. इंजिन शिट्ट्या मारून थकलं. नवे स्टेशनमास्तर बायकोला घेऊन गाव बघायला गेले होते.

"आलोच," म्हणत म्हातारे स्टेशनमास्तर खाली उतरले आणि त्यांनी हिरवा झेंडा दाखवला. गाडी हलली. गुडघे सांभाळत ते धावेपर्यंत फलाट संपला.

"अहो बाई, साखळी ओढा!" समोरची बाई ओरडली.

स्टेशनमास्तरांच्या बायकोने हात वर केला, साखळीशेजारच्या फळीवरचा शिदोरीचा डबा खाली काढला आणि झाकण उघडत म्हणाली, "दोघांचं केलंय. घ्या ना."