तुरीचा पुढचा दाणा

विश्वात केव्हा काय कोसळेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. श्रेयसच्या पीएचडीपुरतं हे विश्व म्हणजे राळेगावच्या घरी टेबलावर रचलेला तुरीचा ढीग होता. नेमक्या कोणत्या दाण्याला तो ढासळतो, हे पाहायला श्रेयस वरून एकेक दाणा सोडत होता. साध्या झुळकेनेही सकाळपासूनची मेहनत वाया गेली असती, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद होता. स्वयंपाकघरात आई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती.

“बाबा, श्वास जपून घ्या बरं. आता कधीही पडते.”

समोर बसलेल्या वडिलांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. आपलं संशोधन बापाला एकदाचं भिडलं, या विचाराने श्रेयसही गहिवरला. त्याने पुढचा दाणा चिमटीत धरला.

“बाबू,” वडील ओठ जेमतेम हलवत म्हणाले, “मी आंगनात जाऊन खोकून येऊ काय?”