जोडीची परीक्षा

तोंडी परीक्षेला दोघीदोघींना एकदम आत बोलावत होते. यादीत भाविकाच्या खाली मृणालीचं नाव होतं, म्हणून भावजय आणि नणंद एकाच टेबलाशी बसल्या. कल्याण नाक्याजवळच्या एका क्लासचा हा दुसरा मजला. खिडक्या बंद होत्या, तरी मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा आवाज येत होता.

दोघी नर्स. परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर इंग्रजीची ही वरची पातळी पास होणं भाग होतं. मृणालीला एकटीला सोडायला तिची आई, आक्का, तयार नव्हती. वैनी संगं जात असेल तर जा, असं ठरलं आणि भाविकाचाही फॉर्म भरला गेला.

परीक्षक बाईंनी आधी नाव, गाव, आवडीनिवडी विचारल्या. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर मुलांनी आईवडिलांसोबत राहावं का? मृणाली, तुम्ही सांगा."

मृणालीनं क्लासमध्ये बसवून घेतलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. एकत्र कुटुंबात आधार असतो, मुलांवर चांगले संस्कार होतात, सणवार मजेत जातात. बाईंनी मान हलवली आणि भाविकाकडे पाहिलं.

भाविकाचं उत्तरही तेच होतं. ते आता बोलून झालं होतं.

दुसरं काही रचायचं तर त्याला शब्द लागतात. इंग्रजीत तेवढे तिच्याकडे नव्हते.

"आमच्या घरात अकरा माणसं," ती हळूहळू इंग्रजीत म्हणाली. "मी ड्युटीवरून येते. स्वयंपाक करते. सगळे जेवतात, मग मी जेवते. कधी भाजी उरत नाही. ते मी सांगत नाही." ती थांबली. बाई अजून ऐकत होत्या. "मागच्या वर्षी माझी आई आजारी होती. वज्रेश्वरीला. घरात मुलगी बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मला पाठवलं नाही. मी चार दिवसांनी गेले. आईनं मला ओळखलं नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. हे संध्याकाळपर्यंत अंजूरला घरी पोचणार, आणि मग कसला परदेश?

बाई शांतपणे म्हणाल्या, "मृणाली, तुम्ही यांच्याशी सहमत आहात?"

मृणालीनं वैनीकडे पाहिलं.

"हो, सहमत," मृणाली म्हणाली. "ते पाहुणे मला बघायला आले होते. वैनीनं पोहे केले. तिची आई आजारी आहे, मला माहीत होतं. मी नवी साडी नेसत होते. मी माझ्या आईला म्हणू शकत होते, वैनीला जाऊ दे. मी म्हटलं नाही."

तिची क्रियापदं चुकत होती, काळ चुकत होते. क्लासमध्ये ती कधी एवढी चुकली नव्हती. तरी ती थांबली नाही. बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा तिचं एक वाक्य अर्धंच राहिलं.

जिना उतरून दोघी नाक्यावर आल्या. अंजूरच्या रिक्षात बसल्या आणि आक्काचा फोन आला. रिक्षाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मृणालीनं फोन स्पीकरवर टाकला.

"काय इचारलान गं?" आक्का म्हणाली.

"घरचाच इचारलान."

"घरचा? मंग त्यात काय अवघड हाय?"

भाविका बाहेर बघत होती. रस्त्याकडेला गोडाऊनची शटरं एकामागून एक मागे जात होती.

"मंग व्हाल ना गं पास दोघी?"

"वैनी होईल," मृणाली म्हणाली. "माझा काय ठाव न्हाय."