गर्दीमागची सावली

"घटकाभर आमच्या गल्लीत येऊन उभ्या राहा ना, गजभियेकाकू," पुष्पकलानं हात जोडले. "माणसं दिसली की छत्र येतं. सासऱ्यांना ऊन लागलंय. इकडे आणायचं म्हटलं तर वाटेतच जातील."

चंद्रपूरच्या आकाशात तरंगणारं ते भलंमोठं पांढरं छत्र जिथे माणसं जास्त, तिथेच आपोआप सावली धरायचं. पुष्पकलाच्या गल्लीतली माणसं कामावर गेली की ते तिकडे फिरकतही नसे.

काकूंना नाही म्हणवलं नाही. त्यांनी शेजारच्या बाया गोळा केल्या आणि सगळ्या जणी डोक्यावर पदर घेऊन रणरणत्या उन्हात पुष्पकलाच्या दारासमोर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं छत्र खरंच सरकत आलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडून पाणी मागितलं.

तेवढ्यात पलीकडून किंकाळी ऐकू आली. काकूंच्या गल्लीवरची सावली उठली होती आणि घरात निजवलेली लेकरं तापलेल्या टिनाखाली होती. बाया धावत सुटल्या.

पुष्पकलानं काकूंचा हात घट्ट धरला. "थांबा ना. ते मरतील हो."

"माझी नात तिकडे आहे, बाई," काकू रडत म्हणाल्या. "सोड मला."

तिनं हात सोडला. डोक्यावरचं छत्र वळू लागलं. पुष्पकलानं सासऱ्यांना पाठीवर घेतलं आणि ती सावलीबरोबर पळत सुटली. पण छत्राचा वेग जास्त होता. गल्लीच्या तोंडाशीच उन्हानं दोघांना गाठलं.