सातविणीची ढोली

परसातली सातवीण तोडायला कुऱ्हाडी आलेल्या पाहून वासंतीबाई धावतच गेल्या. "भावोजी, थांबा! ढोलीत धनेश पक्ष्याची मादी आहे."

"मला तर काही दिसत नाही," दीर वैतागले. झाड त्यांचं होतं.

वासंतीबाईंनी लेकीने दिलेली कॅमेरा बसवलेली दुर्बीण गळ्यातून काढली. सकाळचं चित्रण लावून त्यांच्यापुढे धरलं. इवल्याशा पडद्यावर नर आला आणि लिंपलेल्या ढोलीच्या फटीतून त्याने उंबर आत दिलं. आतल्या चोचीने ते अलगद घेतलं.

"ती बाहेर का येत नाही?"

"पिल्लांसाठी स्वतःला कोंडून घेते, भावोजी. तोवर तोच भरवतो तिला."

दिरांनी चित्रण पुन्हा पाहिलं. मग ते माणसांकडे वळले.

"कुऱ्हाडी ठेवा रे. चहा घ्या आणि जा. घरात बाळंतीण आहे."