टेबलाला वाट

"काय करायचं ते घरात बसून कर," असं चुडामण आबांनी सुनेला लग्नानंतर लगेच बजावलं होतं. म्हणून ऋतिका दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या घ्यायची आणि असोद्याच्या त्या घरातल्या मागच्या खोलीत, धूळ बसू नये म्हणून दार लावून, रेझिनमध्ये बसवून त्यांचं फर्निचर ओतायची. स्टुलं झाली, चौरंग झाले. या वेळी तिनं बाटल्यांच्या जाड खांबावर भलंमोठं गोल टेबल ओतलं, सगळं एकसंध. जळगावच्या प्रदर्शनासाठी त्याची निवड झाली, तेव्हा आबा पहिल्यांदाच म्हणाले, "तूबी चाल. तुझ्याच हातचं हाये."

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि टेबल काही खोलीच्या दारातून निघेना. आडवं केलं, तिरपं केलं, शेवटी चौकटसुद्धा उचकटली. ऋतिकानं दाराला टेप लावली. तिनं खोलीचं माप घेतलं होतं, दाराचं घ्यायचं सुचलंच नव्हतं.

आबा हसले. "एवढंच ना? भीत फोडू."

गवंडी आला. दुपारपर्यंत मागची भिंत फोडली आणि टेबल हिरवं-तपकिरी ऊन खेळवत बाहेर पडलं, मागे आणलेल्या टेम्पोत चढलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

ऋतिका नवी साडी नेसून, चपला घालून आली, तेव्हा आबा टेम्पोत बसले होते. त्यांनी भिंतीच्या भगदाडाकडे बोट दाखवलं.

"आता तू कशी येशीन, पोरी? घर उघडं पडलं ना. कोनी तरी थांबाले पाह्यजे."